संकल्पाची भिशी: पुण्यात नव्याने आलेल्यांनी सोबत कशी शोधावी

नांदेडला होते तेव्हा माझ्या लिखाणाची चौकशी अख्खी गल्ली करायची. "काय गं, तुझी ती गोष्ट छापून आली का?" हे दूधवाल्यापासून शेजारच्या मावशींपर्यंत सगळे विचारत आणि मला त्याचा वैताग यायचा. मग हडपसरला नोकरी लागली, कर्वेनगरला खोली घेतली. इथे कोणीच काही विचारत नाही, याचा पहिले सहा महिने आनंदच होता. जानेवारीत ठरवलं, महिन्याला एक कथा. एप्रिल संपला तेव्हा हातात दीड कथा होती, आणि ती दीडच आहे हे माझ्याशिवाय कोणालाही माहीत नव्हतं. गल्लीत जो वैताग फुकट मिळत होता तो पुण्यात शोधून आणावा लागतो, हे तेव्हा कळलं.

पुढच्या दोन वर्षांत मी तीन गट बदलले. एके ठिकाणी पैसे घालवले, एके ठिकाणाहून रडत घरी आले. शेवटी आम्ही पाच जण रविवारी सकाळी साडेसातला बसायला लागलो, ते अजून बसतोय. काय चुकलं आणि काय जमलं ते खाली क्रमाने लिहिते. मी लिहिण्याच्या अंगाने सांगतेय, पण तुमचं चित्रांचं असो, पेटीचं, धावण्याचं किंवा तंबाखू सोडण्याचं, वाट साधारण हीच.

१. आधी संकल्पाला आकडा लावा

"लिहायचंय" हा संकल्प नाही, ती इच्छा आहे. "रविवारपर्यंत हाताने लिहिलेली दोन पानं" हा संकल्प. फरक इतकाच की दुसऱ्याबद्दल कोणी विचारलं तर "झालं" किंवा "नाही झालं" एवढंच सांगता येतं, मध्ये गुळगुळीत बोलायला जागा राहत नाही. परदेशात नोव्हेंबर महिन्यात ५० हजार शब्दांची कादंबरी लिहायचा नॅनोरायमो नावाचा उपक्रम १९९९ पासून चालायचा. तो चालवणारी संस्था २०२५ मध्ये बंद झाली, पण दिवसाला १,६६७ शब्द हा तिचा हिशोब लोक अजून वापरतात. आपल्याला एवढी उडी नको. नोकरी, प्रवास आणि डबा सांभाळून आठवड्याला जेवढं नक्की होईल त्याच्या निम्मं ठरवा. मी चार पानांपासून सुरुवात केली आणि तिसऱ्या आठवड्यात गपचूप दोनवर आले.

२. सोबत कसली हवी ते ठरवा

माझी सगळ्यात मोठी चूक इथे झाली, म्हणून जरा थांबून सांगते. सोबत तीन तऱ्हेची असते. एक, बसायला सोबत: सगळे आपापलं काम करतात, कोणी कोणाचं बघत नाही. दुसरी, दाखवायला सोबत: केलेलं काम समोर ठेवायचं आणि चार जण त्यावर बोलतात. तिसरी, शिकायला गुरू.

पहिली कशी असते ते बघायचं असेल तर सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता या भागातल्या कुठल्याही अभ्यासिकेत डोकावा. स्पर्धा परीक्षेची मुलं खुर्चीला खुर्ची लावून बसलेली असतात, दिवसभरात एकमेकांशी दहा वाक्यंही बोलत नाहीत, आणि तरी शेजारची खुर्ची दोन दिवस रिकामी दिसली की संध्याकाळी चहाला विचारतात, "तो आला नाही का?" एवढीच सोबत. पण तिच्या बळावर माणसं तीन-तीन वर्षं रेटतात.

मला तेव्हा ही सोबत हवी होती आणि मी जाऊन बसले दुसऱ्या प्रकारात. हातात अर्धी कथा. ती वाचली. एका ज्येष्ठ गृहस्थांनी त्यावर पंचवीस मिनिटं घेतली, त्यातली वीस स्वतःच्या पहिल्या कथासंग्रहाबद्दल, आणि उरलेल्या पाचात माझी नायिका "मुळात का जगते" हे विचारलं. मलाही माहीत नव्हतं, कथा अर्धीच होती! तिथून निघाले ती नळ स्टॉपपर्यंत रडत चालले आणि पुढचे दोन महिने वही उघडली नाही. त्या गटाचा दोष फार नव्हता. कच्ची भाकरी मीच ताटात वाढली होती.

तेव्हा काम सुरूच होत नसेल तर बसायला सोबत शोधा. सुरू होऊन पुरं होत असेल तरच दाखवायला जा. गुरूचा विचार त्यानंतर.

३. शोधायचं कुठे

लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांनी दोन ठिकाणं आधी पायाखाली घालावीत. टिळक रस्त्यावरची महाराष्ट्र साहित्य परिषद, स्थापना १९०६, आणि पुणे नगर वाचन मंदिर, जे १८४८ पासून आहे. परिषदेतले कार्यक्रम ऐकायला जा, पण खरं काम कार्यक्रम संपल्यावर असतं. व्याख्यान संपलं की निम्मे लोक चपला शोधतात आणि उरलेले दाराशी घोळक्याने उभे राहतात. त्या घोळक्यात दहा मिनिटं उभं राहायचं. मला आमच्यातले दोघं अशा घोळक्यातच भेटले, एक औषधाच्या दुकानात काम करणारी फार्मासिस्ट मुलगी आणि एक बँकेतून निवृत्त झालेले काका.

नाटकाची हौस असेल तर शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच आणि हिराबागेजवळचं ज्योत्स्ना भोळे सभागृह. कॉलेजात असाल तर काही सांगायलाच नको, १९६३ पासून चालत आलेली पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा तुम्हाला आपोआप ओढून नेईल. कॉलेज संपलेल्यांनी मात्र "मला अभिनय करायचाय" म्हणून दार वाजवू नये, अशांची रांग मोठी असते. "सामान उचलायला, प्रॉपर्टी (म्हणजे प्रयोगात लागणाऱ्या वस्तू) सांभाळायला येऊ का?" असं विचारा. प्रयोगाला हात नेहमीच कमी पडतात, आणि नेपथ्याची फळी एकत्र उचललेला माणूस दुसऱ्या दिवशी परका राहत नाही.

चित्र काढणाऱ्यांसाठी अर्बन स्केचर्स ही जगभर पसरलेली चळवळ आहे. गॅब्रिएल कॅम्पानारिओ या सिॲटलच्या पत्रकार-चित्रकाराने ती २००७ मध्ये सुरू केली, आणि पुण्यातही तिचा गट आहे. पद्धत मला फार आवडते. ठरलेल्या जागी जमायचं, पांगून दोन तास समोर दिसेल ते काढायचं आणि शेवटी सगळ्यांनी वह्या जमिनीवर ओळीने मांडायच्या. नवशिक्याची वही मुरलेल्याच्या वहीशेजारी पडते. भाषण कोणी देत नाही.

चार लोकांत बोलताना घसा कोरडा पडणाऱ्यांनी टोस्टमास्टर्सचा एखादा क्लब बघावा. राल्फ स्मेडली यांनी १९२४ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू केलेली ही संस्था, पुण्यात तिचे बरेच क्लब आहेत, आणि पाहुणा म्हणून सभा बघता येते. भाषणाला वेळेची मर्यादा असते, हिरवा-पिवळा-लाल इशारा मिळतो, आणि तुम्ही किती वेळा "अं" म्हणालात हे मोजायला चक्क एक माणूस नेमलेला असतो. व्यवहार बहुतेक इंग्रजीत चालतो हे आधीच सांगून ठेवते.

गाण्याच्या बाबतीत पुण्यात गुरू पुष्कळ, पण एकट्याने रियाज टिकत नाही. विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढलं. अशा संस्थेत जाण्याचा एक फायदा गळ्याशी संबंधितच नाही: परीक्षेची तारीख असते, आणि वर्गातल्या बाकीच्यांनाही तीच तारीख असते.

शरीराच्या संकल्पांना पुण्याएवढं सोपं गाव नाही. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, पर्वती, आणि रविवारी सिंहगड. यातली एक टेकडी निवडा आणि सलग पंधरा दिवस एकाच वेळी चढा. वेळ बदलू नका, सगळी गंमत त्यातच आहे. रोज सहा-दहाला खाली उतरणारे आजोबा पाचव्या दिवशी मान हलवतात, दहाव्या दिवशी "नमस्कार" म्हणतात, आणि तुम्ही दोन दिवस दांडी मारून गेलात की "काय, गावाला गेला होतात?" विचारतात. झाली सोबत. नावसुद्धा माहीत नसतं.

४. पहिल्यांदा जाताना

कुठल्याही ठिकाणी तीनदा गेल्याशिवाय मत बनवू नका. पहिल्या वेळी तुमच्याशी कोणी बोलणार नाही. हा पुण्याचा तुसडेपणा वगैरे नाही, नवे चेहरे येतात आणि जातात हे जुन्यांना पाठ झालेलं असतं. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेळी कोणीतरी म्हणतं, "मागच्या वेळीही तुम्ही आला होतात ना?" दार तिथे उघडतं. मग "मूळच्या कुठल्या?" हा प्रश्न येईल. त्यात खोच शोधू नका, गाव सांगा, आणि तुमच्या बोलीतला एखादा शब्द ऐकून कोणी हसलं तर त्याचा अर्थ सांगा. माझ्या "करायलालेत"वरून बँकेतल्या काकांशी जी ओळख झाली ती साहित्यावरून झाली नसती.

वेळेच्या पाच मिनिटं आधी पोचा. साडेसात म्हणजे साडेसात, ही पुण्याची सवय नावं ठेवण्याजोगी नाही, वापरून घेण्याजोगी आहे.

पिशवीत काय असावं:

- एक शंभर पानी वही. फोनमधली टिपणं कोणाला दाखवताना मध्ये मेसेज येतात.
- दाखवायला काम नेणार असाल तर त्याच्या तीन-चार छापील प्रती, प्रत्येकी दोन पानांहून जास्त नाही.
- वाचनालयाचं किंवा अभ्यासिकेचं सभासदत्व घ्यायचं असेल तर फोटो ओळखपत्र, पासपोर्ट आकाराचे दोन फोटो आणि पत्त्याचा पुरावा. भाड्याने राहणाऱ्यांनी भाडेकराराची प्रत जवळ ठेवावी, आधार कार्डावर गावाकडचाच पत्ता असतो आणि तिथेच अडतं. अनामत रक्कम परत मिळते का, तेही विचारून घ्या.
- सुटे पैसे. चहाचे पैसे पहिल्या दिवशी आपण द्यावेत. द्यायला गेलात की कोणीतरी अडवतंच, पण द्यायला जावं.

५. नाहीच सापडलं तर आपला गट जमवा

आम्ही शेवटी हेच केलं. यात एकच गोष्ट मनापासून सांगायची आहे: गट भिशीसारखा बांधा. आपल्या आया-मावश्यांची भिशी वीस-वीस वर्षं का चालते? तिथे कोणी कोणाला प्रोत्साहन देत नाही. ठरलेली माणसं, ठरलेला दिवस, ठरलेली रक्कम, आणि आपण गेलो नाही तर दुसऱ्या कोणाचंतरी अडणार आहे. बास.

माणसं चार ते सहा. त्याहून जास्त नको. मॅक्स रिंगेलमन नावाच्या फ्रेंच अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता, त्याचे आकडे १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसं वाढत गेली तसा प्रत्येकाचा जोर कमी होत गेला आणि आठ जण झाले तेव्हा तो निम्म्यावर आला. मी सुरुवातीला एका १८० जणांच्या व्हॉट्सॲप गटात होते. रोज सकाळी सूर्योदयाचं चित्र यायचं, चाळीस जण हात जोडायचे, आणि मी गेले वर्षभर एक ओळही लिहिली नाही हे कोणाच्या गावीही नव्हतं.

जागा ठरवताना सगळ्यात लांब राहणाऱ्याचा विचार करा. एक जण पिंपरीचा, एक वाघोलीचा, एक कर्वेनगरची असं असेल तर मेट्रोचं जिल्हा न्यायालय स्थानक धरा, सगळे त्याला सिव्हिल कोर्टच म्हणतात. वनाज-रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड-स्वारगेट या दोन्ही मार्गिका तिथे मिळतात, त्यामुळे चारही टोकांकडून गाडी न बदलता येता येतं. गजबजलेलं हॉटेल नको. रविवारी सकाळी बाहेर रांग उभी असते आणि वेटर तुमच्या वहीकडे नाही, रिकाम्या कपाकडे बघत असतो. आम्ही काकांच्या सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये बसतो. त्यासाठी त्यांनी सेक्रेटरींना एक साधा अर्ज दिला होता, "वाचन-लेखन, आवाज नाही, चपला बाहेर."

बैठक दीड तासाची. पहिली दहा मिनिटं हजेरी: मागच्या रविवारी काय कबूल केलं होतं आणि किती झालं, प्रत्येकाने एका वाक्यात. कारणं सांगायला बंदी आहे. हा नियम कठोर वाटतो, पण कारणं सुरू झाली की पाऊण तास ऑफिसच्या राजकारणात जातो आणि सगळ्यांना हलकं वाटून पान कोरं राहतं. मग पन्नास मिनिटं मुकाट्याने काम. फोन उलटे. उरलेली तीस मिनिटं एकाचं काम ऐकायचं, पाळीपाळीने. ऐकणाऱ्याने आधी आपण कुठे रमलो ते सांगायचं, मग कुठे लक्ष उडालं ते. "असं लिहायला हवं होतं" म्हणायचं नाही. आकडे एका वहीत लिहितो, तारखेसह. ती वही आमच्या फार्मासिस्टकडे असते, कारण औषधांचा हिशोब ठेवणाऱ्या माणसाशी कोणी हुज्जत घालत नाही.

दंडाचा एक प्रयोग आम्ही केला आणि आपटलो. काम झालं नाही तर ५० रुपये. दोनच आठवड्यांत लोक आत येतानाच हसत पन्नासची नोट ठेवायला लागले, पानं गायब. नंतर कळलं की इस्राएलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांत हेच झालं होतं. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला तर उशीर वाढला, आणि दंड काढून टाकल्यावरही तो कमी झाला नाही. तो अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला आहे. पैसे दिले की माणूस सुटतो. आता ज्याचं काम झालं नाही त्याने पुढच्या रविवारी सगळ्यांसाठी पोहे आणायचे, घरी केलेले. पहाटे साडेपाचला कांदा चिरताना आठवतं की दोन पानं लिहिणं सोपं होतं.

आणि संस्था नोंदवण्याच्या फंदात पडू नका. सोसायटी नोंदणीला किमान सात सभासद लागतात, आणि ते जमले की अध्यक्ष कोण यावरून भांडण लागतं. गट मोडायला एवढं पुरतं.

६. सापळे

पैसे घेऊन "ध्येयपूर्ती" करून देणारे. मी बारा आठवड्यांचे ९,००० रुपये भरले होते. पहिल्या आठवड्यात चकचकीत डायरी मिळाली, चौथ्यात पुढच्या "ॲडव्हान्स" शिबिराची जाहिरात, आठव्यात मार्गदर्शकच यायचे बंद झाले. पैसे भरायचेच असतील तर महिन्याचे भरा, आणि आधीच्या तुकडीतल्या एकाशी, मार्गदर्शकांनी निवडून दिलेल्या नव्हे, बोलून घ्या.

वाहवा करणारे. कडू टीकेपेक्षा यांचा धोका जास्त. संकल्प नुसता जाहीर केला तरी टाळ्या मिळतात, आणि त्या टाळ्यांनीच पोट भरतं. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं की काही प्रकारचे संकल्प दुसऱ्याला कळले की माणूस त्यावर उलट कमी मेहनत घेतो. म्हणून आमच्याकडे "मी कादंबरी लिहिणार आहे" चालत नाही. लिहिलेलं पान चालतं.

तिसरा सापळा विक्रेत्यांचा. चौथ्या भेटीत कोणी पौष्टिक पावडरचा डबा किंवा विम्याचा कागद काढला तर तो गट नव्हता, गिऱ्हाइकांची यादी होती. उठा.

कोणी कथा चोरेल ही भीती नव्या लोकांना फार असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लिहिलं की हक्क तुमचा झाला, नोंदणी सक्तीची नाही. वाचण्याआधी मजकूर स्वतःलाच ईमेल करून ठेवा, तारीख राहते. मुलींनी पहिल्या दोन-तीन भेटी सार्वजनिक जागीच ठेवाव्यात, आणि घरचा पत्ता गटात टाकायची घाई करू नये. ज्या गटात याचं कोणाला वाईट वाटेल तो गट नकोच.

७. किती दिवस वाट बघायची

२१ दिवसांत सवय लागते हे विसरा. लंडनच्या फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेल्या २०१० च्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, आणि माणसागणिक तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत गेला. ६६ दिवस म्हणजे दहा रविवारांच्या आत-बाहेर. गटाला तेवढे द्या. दहा रविवारांनंतर वहीतला आकडा हलला नसेल तर गट सोडा, पण सांगून सोडा. न सांगता गायब होणाऱ्यामुळे उरलेल्यांचाही पाय डळमळतो.

८. गणपती, दिवाळी आणि मे महिना

पुण्यातले गट भांडणाने कमी आणि सुट्ट्यांनी जास्त मरतात. पालख्या शहरात असतात तेव्हा रस्ते बंद. गणपतीत पथकातली मुलं ढोलाच्या सरावाला जातात आणि बाकीचे गर्दीला भिऊन घरी बसतात. दिवाळीत निम्मे गावी. मे महिन्याबद्दल बोलायलाच नको. सुट्टी घ्या, पण सुट्टी घेण्याआधी परत बसायची तारीख वहीत लिहा, आणि त्या दिवशी जागा कोण उघडणार त्याचं नाव तिच्यापुढे लिहा.

पहिल्या दिवाळीनंतर ते नाव माझं होतं. रविवारी साडेसातला क्लब हाउस उघडलं, दीड तास एकटी बसले, कुलूप लावून किल्ली काकांच्या घरी दिली. काका मुलीकडे नागपूरला गेले होते. पुढच्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी सात चाळीसला फार्मासिस्ट आली, हातात चकल्यांचा डबा. "दहा मिनिटं उशीर झाला," म्हणाली, आणि वही काढून दोन्ही रविवारांसमोर माझी पानं विचारून लिहून घेतली. पहिल्यासमोर एक, दुसऱ्यासमोर अडीच. तिच्या स्वतःच्या नावापुढे दोन शून्यं टाकली आणि विचारलं, "पोहे पुढच्या वेळी आणले तर चालतील ना? चकल्या आईच्या आहेत, त्या धरता येणार नाहीत."